नगावर नाही, रोजावर

काकूंच्या हातचं काज उसवलं, अशी तक्रार चाळीस वर्षांत कुणी केलेली नाही. शर्ट विरतो, कॉलर फाटते, माणूस सुटून शर्टाबाहेर येतो, पण काज जागच्या जागी असतं. लोकांना वाटतं, बटण अडकवायचं भोक ते काय, कात्री मारली की झालं. अशा लोकांशी वाद घालू नये. त्यांना एक सुई द्यावी, दोरा द्यावा आणि संध्याकाळी यावं.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला चिकटून आहे. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. पुढे मशीनवर मास्तर बसतात आणि खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर त्यांची बायको. बाहेरच्या पाटीवर मास्तरांचं नाव आहे, काकूंचं कुठेच नाही. गिऱ्हाईक येतं, मास्तरांना माप देतं, मास्तरांशी घासाघीस करतं, शिवून झालं की मास्तरांना शाबासकी देतं. काकू मान वर करून हसतात आणि पुन्हा काजाकडे वळतात. त्यांना वाईट वाटत असावं असं वाटून मास्तरांनी एकदा विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "पाटी तुमची असू दे. भांडायला येतात ते पाटी बघूनच येतात."

काकू हे काम वडिलांकडून शिकल्या. वडील कोट शिवणाऱ्या एका मोठ्या दुकानात नगावर काम करायचे. नगावर म्हणजे जेवढी काजं तेवढी मजुरी. आज करा, उद्या करा, आजारी पडून चार दिवसांनी एकदम करा, नग पुरे झाले की मालक खूश. ती सवय काकूंच्या हाडात मुरलेली. त्यांचं सगळं नगावर चालतं. धुणं नगावर, पत्रं नगावर, इतकंच काय, एकदा घरी सहा पाहुणे आले होते तेव्हा त्यांना निरोप देता देता काकू मास्तरांच्या कानात म्हणाल्या होत्या, "चार गेले, दोन राहिले." मंगळवारचं काम शुक्रवारी भरून काढता येतं, यावर त्यांचा देवाइतका विश्वास.

मास्तरांचं वेगळं. मास्तरांचा राग नाकावर असतो, आणि नाक चांगलं मोठं आहे. भडकतात आणि पाच मिनिटांत विसरतात. विसरतात ते स्वतःच, ऐकणारा नाही. हे त्यांना कुणीतरी तरुणपणीच सांगायला हवं होतं. पण ज्यांनी सांगायचं त्या काकू काज करत बसलेल्या.

काकूंच्या किडन्या दहा वर्षांपासून कुरकुरत होत्या. रक्तदाबाने त्यांची वाट लावली होती; निम्म्याहून कमी काम करतात, असं डॉक्टर सांगायचे. मीठ कमी, पाणी मोजून, गुडघा दुखला तरी दुखण्याची गोळी बंद. हे सगळं अंगवळणी पडतंय तोवर एक दिवस वाळत घातलेले कपडे गच्चीवरून आणताना काकूंच्या छातीत कळ आली आणि जबड्यापर्यंत गेली. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर बराच वेळ दाराबाहेर बोलत राहिले. नस बघायची तर आत रंग सोडावा लागतो आणि तो रंग किडनीला मानवत नाही. शेवटी अगदी थोडक्या रंगात काम उरकलं आणि बंद होत आलेल्या नसेत एक स्टेंट बसवला. मास्तरांनी चित्र पाहिलं. बारीक जाळीची एक नळी, बोटाच्या पेराहून लहान. एवढ्याशा वस्तूवर आपला सगळा संसार उभा आहे, हे बघून त्यांना खाली बसावं लागलं.

घरी पाठवताना डॉक्टरबाईंनी दोन गोळ्या समजावल्या. दोन्ही रक्त चिकटू नये म्हणून. पांढरी जन्मभर, गुलाबी सहा महिने. "किडनीच्या पेशंटला आम्ही ही गुलाबी गोळी उगाच लांबवत नाही, त्यांना रक्तस्रावाची भीती जास्त असते. तुमच्यासाठी सहा महिने ठरवलेत. पण तेवढे सहा महिने एक दिवसही चुकवायची नाही."

मास्तरांनी गोळ्यांचा कारभार स्वतःकडे घेतला. रोज सकाळी गोळ्यांची पाकिटं आणि मोजलेलं पाणी घेऊन ते काकूंपुढे उभे राहायचे. काकू पाकिटांतून दोन गोळ्या काढून तळहातावर घ्यायच्या.

"घेतलीस?"

"घेतली."

मास्तर पाकिटाकडे बघायचे. खड्डे रिकामे, म्हणजे काम चोख. काकूंच्या तोंडाकडे त्यांनी कधी बघितलं नाही.

दुसरा महिना संपता संपता पांढऱ्या कोटांचं काम आलं. दोन गल्ल्या पलीकडे मोठी बेकरी आहे, तिथल्या कामगारांसाठी चाळीस कोट, एकेकाला दहा बटणं. मशीनची काजं रोजच्या उकळत्या धुण्यात दोन महिन्यांत विरतात, म्हणून बेकरीच्या मालकिणीला हातकाम हवं होतं. मास्तर हरखले. काकू तर विचारूच नका. दवाखान्यातून आल्यापासून त्यांना कुणी काम सांगत नव्हतं, नुसती तब्येत विचारत होतं.

काज करणाऱ्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, असतं, सुई ढकलायला. पण कापडाखाली जे डावं बोट असतं ते उघडंच ठेवावं लागतं. सुईचं टोक कुठे आलं हे त्या बोटालाच कळतं. ते बोट आयुष्यभर टोचून घेतं. पूर्वी टोचलं की मोहरीएवढा थेंब यायचा, काकू बोट तोंडात घालायच्या, संपलं. आता थेंब थांबेना. दुसऱ्याच कोटावर, छातीच्या डाव्या बाजूला, रक्ताचा टपोरा डाग पडला.

शिंप्यांना यावरचा उपाय ठाऊक असतो. आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीने निघतो. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चावून ओला करायचा आणि त्याने डाग टिपायचा. काकू ते करतच होत्या. पण तेवढ्यात मास्तर तिथे आले.

"चाळीस वर्षं काज करतेस आणि एक बोट सांभाळता येत नाही? पांढरं कापड आहे ते. जमत नसेल तर तसं सांग, मी मशीनवाल्याकडे टाकतो."

एवढंच बोलले. मग मशीनवर जाऊन बसले, शिट्टीवर काहीतरी वाजवू लागले आणि विसरून गेले.

त्यानंतर कोटांवर डाग पडला नाही. कोट भराभर तयार होऊ लागले आणि होतील तसे बेकरीत जाऊ लागले. काकूंच्या हातांवर आधी जांभळे डाग उठायचे, कपाटाची कड लागली तरी. तेही पिवळे पडत पडत गेले. मास्तरांना कोण आनंद. "बघ, तब्येत धरलीस," ते म्हणायचे. काकू हसायच्या.

एक दिवस दुपारची वेळ होती. काकू पडद्यामागे जरा आडव्या झाल्या होत्या. वरच्या मजल्यावरची बाई मुलीचा फ्रॉक घेऊन आली. मागचं गुलाबी बटण तुटलेलं, आणि मुलीला अर्ध्या तासात कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचं. बटण लावणं हे काकूंचं खातं. पण त्यांची झोप मोडायला नको म्हणून मास्तरांनी त्यांचा बटणांचा डबा स्वतःच उघडला. पूर्वीचा बिस्किटांचा डबा, त्यात कागदाच्या पुड्यांत रंगवार बटणं. गुलाबी पुडीतून त्यांनी एक उचललं, सुई टेकवली. सुई आत जाईना. चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं. उलटं केलं. बटणाला भोकच नव्हतं.

"आता बटणंसुद्धा बिनभोकाची काढायला लागले," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी बिनबाह्यांचे हात काढतील."

बाई हसली. त्यांनी दुसरं उचललं. तेही तसंच, मध्ये फुगीर, कडेला गुळगुळीत. तिसरं उचलताना त्यांच्या बोटांना गुलाबी पूड लागली. ही बटणं ते रोज सकाळी बघत होते.

बाईला त्यांनी कसंबसं वाटेला लावलं. फ्रॉकला पांढरं बटण लागलं असावं. मग पुडी टेबलावर ओतली. बटणं एकीकडे केली, गोळ्या एकीकडे. सतरा निघाल्या.

मास्तर पडदा सारून आत गेले. काकू कुशीवर झोपल्या होत्या. त्यांचा श्वास चाललाय का हे मास्तरांना नीट दिसेना. त्यांनी आणखी वाकून पाहिलं. साडीचा काठ खांद्यावर वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. मास्तर पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. उठवावं तर ती दचकेल, आणि दचकण्याने काही झालं तर. न उठवावं तर एकेक मिनिट वाया चाललंय. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांना आपल्या आवाजाची भीती वाटली.

काकू आपसूक जाग्या झाल्या. समोर नवरा, त्याच्या उघड्या तळहातावर गुलाबी गोळ्या.

"सापडल्या वाटतं," त्या म्हणाल्या.

"का?" मास्तरांच्या तोंडून एवढंच फुटलं.

"अहो, रक्त थांबत नव्हतं. पहिले दोन दिवस सोडून बघितलं, तरी थांबेना. आठवडाभर नाही घेतली, मग थांबलं. पांढरी घेते मी रोज, ती जन्मभराची आहे. ही काय, पुढे बंदच होणार आहे ना? मग जरा आधी थांबवली."

"आणि या साठवल्यास कशाला?"

"घेणार आहे की. फेकते कशाला चांगल्या गोळ्या. कोट झाले की रोज दोन-दोन घेऊन सहा महिन्यांचे नग पुरे करणार होते."

बाई वेडी नव्हती, खोटारडी नव्हती. जन्मभर जसा मंगळवार शुक्रवारी भरून काढला, तसाच तिने हा हिशेब केला होता.

"मला सांगायचं नाही?"

पदराचा काठ सारखा करत काकू म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ना, जमत नसेल तर मशीनवाल्याकडे टाकतो."

मास्तरांना ते वाक्य आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण आवाज त्यांचाच होता, त्यात शंका नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्यासाठी ही सतरा दिवस मरणाशेजारी बसून काजं करत होती. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी काकूंच्या चपला शोधायला घेतल्या.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं, पुन्हा दोन तासांनी घेतलं. तेवढा वेळ मास्तर बाकावर बसून समोरच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजत होते. सहा होती. पुन्हा मोजली, पुन्हा सहा.

डॉक्टरबाई आल्या. वयाने त्यांच्या मुलीसारख्या, चेहरा थकलेला. "नस उघडी आहे असं दिसतंय. नशीब म्हणा, आणि पांढरी गोळी घेत होतात म्हणून. पण काकू, असं पुन्हा करू नका. स्टेंट अजून नवा आहे. त्यावर रक्त साकळलं तर दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळत नाही."

"पण रक्त तर पातळ झालं होतं हो," काकू म्हणाल्या. "टोचलं की वाहतच होतं."

"तीच तर गोम आहे. किडनी बिघडली की रक्त दोन्हीकडून त्रास देतं. बाहेर वाहतंही पटकन आणि आत साकळतंही पटकन. म्हणून तर आम्ही सहा महिने ठरवताना डोकं फोडून घेतलं."

"मग मी राहिलेल्या सतरा आता..."

"अजिबात नाही. काकू, तुम्ही काय काम करता?"

काकूंनी सांगितलं. काज, बटणं, नग, सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे वडील गिरणीत होते की गोदीत, देव जाणे, पण भाषा त्यांना समजली.

"मग नीट ऐका. ही गोळी नगावर नाही. रोजावर आहे. कालचा रोज गेला तो गेला, तो आज दोनदा भरता येत नाही. दोन-दोन घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायचा. आजची आज, उद्याची उद्या. त्या सतरा परत करा, आम्ही नष्ट करतो."

"सतराच्या सतरा?"

"सतराच्या सतरा."

काकूंना हे फार लागलं. नसेत जाळी घालताना त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, पण गोळ्यांची पुडी औषधांच्या खिडकीवर देताना त्यांचा हात मागे-पुढे झाला.

"आणि बोट टोचलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. एवढ्याशा टोचण्याने काही होत नाही, नुसता वेळ लागतो. शौचाला काळं झालं, उलटीत रक्त आलं, तर मात्र लगेच या."

अकरा कोट राहिले होते. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, ते परत करून टाकू. काकूंनी ठाम नकार दिला. "मला शोभेची बाहुली करून खिडकीत ठेवणार असाल तर ती गोळी तरी कशासाठी घ्यायची?" म्हणून दुसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून ते बेकरीत गेले. राहिलेल्या कोटांवर एखादा डाग पडेल, चालेल का, हे विचारायला. चाळीस वर्षांत असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

मालकीण भट्टीपाशी होती. तिने त्यांना आत नेलं आणि कामगारांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी शिवलेले कोट सगळ्यांच्या अंगावर होते. कुणाच्या छातीवर चॉकलेट, कुणाच्या बाहीवर लाल जॅम, एकाच्या पाठीवर तर पाचही बोटं उमटलेली.

"मास्तर, सकाळी नऊपर्यंत पांढरे असतात. पुढचं तुम्ही बघताय." ती हसली. "डागाचं काय घेऊन बसलात? काजं तेवढी अशीच द्या. काकू बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मास्तर म्हणाले आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहिले. तो डागाचा दुसरा कोट त्यांतल्याच कुणीतरी घातला होता. ज्या डागावरून बायकोला बोलले, तो जॅममध्ये शोधूनही सापडला नसता.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "माझं चुकलं." हे शब्द त्यांनी पूर्वी कधी वापरलेले नसल्यामुळे जरा मोठ्याने निघाले. काकू म्हणाल्या, "हळू बोला, शेजारणी ऐकतील आणि आपापल्या नवऱ्यांकडे रोज मागतील."

आता सकाळी मास्तर पाकिटाकडे बघत नाहीत. काकूंच्या तोंडाकडे बघतात. काकू गोळी घेतात, पाणी पितात आणि वर जीभ काढून दाखवतात, साठ वर्षांची बाई.

राहिलेल्या कोटांपैकी चौथ्यावर सुई पुन्हा बोटात गेली. काकूंनी कोट बाजूला सारला, तोवर मास्तर मशीनवरून उठलेही होते. त्यांनी स्वच्छ कापडाची घडी बोटावर ठेवली, वरून आपली मूठ आवळली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं. मग स्टूल ओढून ते काकूंच्या शेजारी बसले.

दुकानात दोघंही रिकामी बसलीत, असं कधी झालंच नव्हतं. लग्नानंतरही नाही; तेव्हा लग्नसराईचं काम होतं. काकूंचा हात त्यांच्या हातात होता आणि तो किती हलका झालाय, हे त्यांना आत्ता कळत होतं. बोटाच्या टोकाची शेकडो सुयांनी चाळणी झालेली, कातडी जाड, बोट कापडाखाली राहून राहून थोडं वाकलेलं. चाळीस वर्षं हा हात दोन हातांच्या अंतरावर होता आणि त्यांनी तो धरून बघितला नव्हता. रस्त्यावरून एक गिऱ्हाईक आलं, आत डोकावलं, दोघांना पाहून ओशाळलं आणि नंतर येतो म्हणून गेलं.

"थांबलं का हो?" काकूंनी विचारलं.

"नाही अजून."

"काम राहिलंय."

"राहू दे."

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार होत आले होते. रक्त केव्हाच थांबलं होतं, त्यांच्याच बोटाला ते कळत होतं. त्यांनी हात तसाच राहू दिला.